थंडीत बोटातून थेंब कसा काढावा

सासूबाईंच्या रक्तातली साखर नऊ वर्षं मीच घरी तपासते. स्ट्रिपची तारीख बघा, मशीनमध्ये सारा, हात धुवा. यात सांगण्यासारखं फक्त हात धुण्याबद्दल आहे, कारण नाशकात फेब्रुवारीत घराघरांत द्राक्षांची पेटी असते. एकदा त्यांनी द्राक्षं निवडता निवडताच बोट पुढे केलं, आकडा आला 312. साबणाने हात धुवून पुन्हा घेतला, 148! साखर बोटावर होती. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर भागवू नका. साबण लावा आणि हात पुसून कोरडे करा.

खरी पंचाईत थेंबाची. जानेवारीत सकाळी सहाला पारा आठ-नऊवर असतो, सुई टोचली तरी रक्त येत नाही. मग जो तो सांगतो, दाबा! मीही पहिली दोन वर्षं त्यांचं बोट उसासारखं पिळायचे. त्या बिचाऱ्या तोंडातून शब्द काढायच्या नाहीत, नुसते डोळे मिटून घ्यायच्या.

बोटाच्या टोकात असतात केशवाहिन्या, केसाहूनही कितीतरी बारीक, 5 ते 10 मायक्रोमीटर रुंदीच्या. तांबड्या पेशी त्यांतून एकामागे एक, अंग चोरून जातात. गारठ्यात शरीर ऊब राखायला या केशवाहिन्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या आवळून घेतं. वरून पाणीच बंद केलंय, तोटी पिळून काय येणार? शिवाय पिळलं की पेशींभोवतालचं पाणी थेंबात मिसळतं आणि आकडा चुकू शकतो.

त्यापेक्षा हात दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा. जुन्या मधुमेहात चटका कळेलच असं नाही. हात पुसा, खाली सोडा, तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलकं चोळा, मग टोचा. मधलं बोट किंवा अनामिका, तीही कडेला. मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. तरी थेंब नाही आला तर टोचायच्या पेनावर सुई एक आकडा खोल करून दुसरं बोट घ्या.

थेंब स्ट्रिपच्या टोकाला टेकवा, ती ओढून घेते. सुई दर वेळी नवी.

आकडा वहीत लिहा. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की अशाच बारीक वाहिन्या खराब होतात, डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्याही. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर म्हणूनच डोळे तपासायची तारीख असते, दर वर्षी नवी, लाल पेनाने.