सिद्धांतांचं भांडण नेमकं कुठे आहे, ते कसं शोधायचं

आंतरराष्ट्रीय संबंधांचे पेपर तपासताना एक उत्तर मला पाठ झालंय. वास्तववादावर एक परिच्छेद, उदारमतवादावर एक, रचनावादावर एक आणि शेवटी ‘सर्वच दृष्टिकोन महत्त्वाचे आहेत’. माहिती बरोबर असते, पण या मंडळींचं एकमेकांशी काय वाकडं आहे ते कळत नाही.

त्यासाठी आधी एक नेमका प्रश्न धरा. मी नाटो घेतो, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी. १९४९ साली सोव्हिएत धाकापोटी उभी राहिलेली ही आघाडी १९९१ मध्ये वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची लष्करी आघाडी) आणि सोव्हिएत संघ दोन्ही संपल्यावरही का टिकली?

प्रत्येकाचं उत्तर एकाच वाक्यात लिहा. दुसरं वाक्य मिळालं की आपण पळवाटा काढतो. केनेथ वॉल्ट्झ यांच्या वळणाचा नववास्तववादी (वास्तववादाचीच नवी शाखा) म्हणेल: आघाड्या धोक्यामुळे बनतात, धोका गेला की सैल होतात, नाटो टिकली ती अमेरिकेला युरोपवर पकड हवी होती म्हणून. रॉबर्ट कोहेन यांच्या बाजूचा उदारमतवादी म्हणेल: नवी संस्था उभारणं महाग पडतं, म्हणून आहे तीच नव्या कामाला जुंपली. अलेक्झांडर वेन्ट यांच्या वाटेने जाणारा रचनावादी म्हणेल: चाळीस वर्षांत हे देश एकमेकांना ‘आपले’ मानू लागले होते.

आता प्रत्येक वाक्याखाली लिहा, यात काय गृहीत धरलंय? इथे खरी गंमत आहे. पहिले दोघे कडाडून भांडतात, पण पाया जवळजवळ एकच: जगात राज्यांच्या (म्हणजे देशांच्या) वर कोणी धनी नाही आणि राज्यं हिशेबी असतात. वाद एवढाच की राज्य स्वतःचा फायदा मोजतं, की शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळालं का तेही बघतं. म्हणजे हे घरातलं भांडण. रचनावाद्याचा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. हिशेब होईल, पण कुणाचं हित आणि ते ठरलं कसं? वेन्ट यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या पाचांचा अमेरिकेला जास्त धाक वाटतो. नुसती शस्त्रं मोजून हे उलगडत नाही.

म्हणून सगळ्यांची मोट बांधायची घाई करू नका. पहिल्या दोघांची सांगड घालता येते. तिसऱ्याला सोबत घ्यायचं तर हित आधीपासून ठरलेलं असतं की व्यवहारातून घडतं, हे तुम्हाला सांगावंच लागेल. बहुतेक उत्तरं इथेच घसरतात.

काही सिद्धांत या प्रश्नाचं उत्तरच देत नाहीत, ते प्रश्न बदलतात. चिकित्सक सिद्धांताचे अभ्यासक रॉबर्ट कॉक्स १९८१ मध्ये म्हणाले की सिद्धांत नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. त्यांच्या वाटेने जाणारा विचारेल: नाटो टिकल्याने कुणाचं फावलं? स्त्रीवादी अभ्यासक लष्करी तळांभोवतीच्या बायकांचं जगणं पुढे आणतील. त्यांना ‘नाटो का टिकली’ याच्या रकान्यात कोंबू नका. वेगळा प्रश्न म्हणूनच मांडा.

शेवटी प्रत्येक उत्तराला त्याची अडचणीची तारीख दाखवा. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि झेक प्रजासत्ताक आत आले. तेव्हा रशिया खिळखिळा होता, त्यामुळे केवळ धोक्यावर विसंबणाऱ्याला इथे घाम फुटतो. उलट २०२२ च्या युक्रेनवरील आक्रमणानंतर फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये सदस्य झाले, तिथे त्याची कळी खुलते. मग मी रचनावाद्याला पेचात पकडतो: हे दोन्ही देश कितीतरी आधीपासून लोकशाहीवादी, १९९५ पासून युरोपीय संघात, ‘आपले’च होते. मग इतकी वर्षं बाहेर का थांबले? या प्रश्नावर तुमचा रचनावादी काय म्हणेल ते लिहा आणि त्यासाठी त्याला वास्तववाद्याकडून काय उसनं घ्यावं लागलं, त्याखाली रेघ मारा.