थिसिस सुरू करताय? न आलेल्या पेशंटचं आधी बघा

नव्या रेसिडेंट डॉक्टरांनो, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), एथिक्स कमिटी, गाईडच्या सह्या हे सगळं तुम्हाला सीनियर सांगतीलच. मला जे सांगायचंय ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझा थिसिस बीपीच्या गोळ्यांवर होता. मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज, 60 पेशंट, सहा महिने फॉलोअप. शेवटी 46 आले, त्यातल्या 41 जणांचं बीपी आटोक्यात. म्हणजे 89 टक्के. "14 जण लॉस्ट टू फॉलोअप (पुन्हा आलेच नाहीत) लिही आणि पुढे चल," असं सांगण्यात आलं. मी लिहिलं.

इथेच फसले. 41 ला 46 ने भागलं तर 89 येतात, 60 ने भागलं तर 68. न आलेले सगळेच बिघडले असतील असं नाही, खरा आकडा मधेच कुठेतरी असतो. पण माणूस उगाच यायचा थांबत नाही. चक्कर येते म्हणून गोळी सोडलेला येत नाही. पॅरालिसिस झालेल्याला येता येत नाही. वारलेला तर येणारच नाही. रांगेत दिसतात ते बरे असलेले, आणि आपण खूश होतो की औषध लागू पडलं.

सबमिशनला तीन आठवडे असताना केस पेपरवरचे नंबर लावायला बसले. नऊ लागले. बरेचसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. एका बाईंच्या मुलाने फोन उचलला, मागे ट्रॅक्टरचा आवाज. "आई फडातच पडली, मॅडम. गेली. गोळ्या पंधरा दिवसांच्याच होत्या." केस पेपर समोरच होता. पंधरा दिवस हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

संशोधन कशासाठी करायचं, हे मला त्या रात्री कळलं. त्याआधी दोन वर्षं फक्त ड्युट्या ओढत होते. तुम्हालाही सध्या कशातच अर्थ वाटत नसेल तर घाबरू नका, झोप नसताना कोणालाच वाटत नाही.

नंतर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा 1989 चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास पुन्हा वाचला. गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या, 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. ओपीडीत बसून हा आकडा कुणाला सापडला असता?

आकडे पाठवले की पी व्हॅल्यू (दिसलेला फरक निव्वळ योगायोग आहे का, हे तपासायचा आकडा) काढून देणारे, अख्खा थिसिस लिहून देणारे कॉलेजबाहेर मिळतात. त्यांच्या दारात जाऊ नका. आणि मोठ्या नावाचा गाईड मिळाला नाही म्हणून रडूही नका. "पेशंट राहतो कुठे?" असं विचारणारा गाईड शंभर शोधनिबंध छापलेल्यापेक्षा मला केव्हाही चालेल.

नोंद करतानाच दोन नंबर घ्या, एक घरचा, एक ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा. उसाला जाणार का, कधी, कोणत्या कारखान्याला, हे विचारा. जाणार असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्यांसाठी फार्मसीत भांडा, आणि तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव केस पेपरवर लिहून द्या.

मी दोन्ही आकडे लिहून थिसिस दिला. परीक्षेत पहिलाच प्रश्न त्या 14 जणांवर आला. नऊ जणांचं सांगता आलं. उरलेल्या पाच जणांचे नंबर माझ्या डायरीत आहेत, अजून लागलेले नाहीत.