लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून घरगुती दिवा: सेल निवडायचा कसा, जोडायचा कसा

इंदूरच्या महाराणी रोडवर आणि जेल रोडवर लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत ‘गेलेल्या’ बॅटऱ्यांचा ढीग पडलेला असतो. बॅटरी गेली म्हणजे आतले सगळेच सेल मेले असं नसतं. जुन्या पद्धतीच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा सहा सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या एकामागोमाग जोडलेल्या. एक जोडी मार खाते आणि तिच्यापायी सगळा पॅक बाद होतो. उरलेल्यांतून पावसाळ्यात वीज गेल्यावर कामाला येणारा दिवा सहज होतो. जोडणी अर्ध्या तासाची आहे. वेळ जातो तो कोणता सेल ठेवायचा आणि कोणता फेकायचा हे ठरवण्यात, आणि घाई नेमकी तिथेच होते.

आधी एक विषय मिटवून टाकतो, कारण कॉलेजची पोरं सेलबद्दल विचारतात तेव्हा पुष्कळदा मनात हेच असतं. याच सेलवर घरी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बनवता येतो का? भारतात ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं हे सगळं २०१९ च्या कायद्याने बंद आहे. बनवल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब भयंकर आहे. घरगुती व्हेपमध्ये सेल आणि तापणारी कॉइल यांच्यामध्ये बहुधा कसलंच सर्किट नसतं. कॉइल ०.२ ओहमची धरली आणि सेल ४.२ व्होल्टला भरलेला असला, तर ४.२ भागिले ०.२ म्हणजे २१ अँपिअर. लॅपटॉपचा सेल साधारण चार-पाच अँपिअरच्या कामासाठी बनवलेला असतो. वरून तो धातूच्या बंद नळीत, म्हणजे वायू बाहेर पडायला वाट नाही, आणि ती नळी तोंडाशी. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं गेली आहेत. दिव्याला ०.३ अँपिअर पुरतात आणि मध्ये रक्षक सर्किट असतं. सेल तोच, पण एक काम त्याच्या कुवतीतलं आणि दुसरं कुवतीबाहेरचं.

सामान

मल्टिमीटर हवाच. तो नसेल तर हा उद्योग करू नका. बाकी: चार्जिंगचं टीपी४०५६ मॉड्यूल, १८६५० सेलचा (लॅपटॉपमधल्या गोल सेलच्या मापाचा) एकेरी होल्डर, अॅल्युमिनियमच्या प्लेटवर बसवलेला एक वॉटचा पांढरा एलईडी, ३.३ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर, दोन अँपिअरचा फ्यूज, स्विच, थोडी तार, सोल्डरिंग आयर्न, संरक्षक चष्मा. मॉड्यूल घेताना नीट बघा, कारण एकाच नावाने दोन प्रकार मिळतात. एकावर फक्त एक आयसी (काळी छोटी चिप) असते. दुसऱ्यावर चार्जिंगच्या आयसीबरोबर दोन छोट्या आयसी जास्त असतात आणि ‘आउट प्लस’, ‘आउट मायनस’ असे वेगळे ठिपके असतात. आपल्याला दुसरा हवा. त्या दोन जादा आयसी सेल फार उतरला की किंवा शॉर्ट झाला की जोड तोडतात.

पॅक उघडणे

ज्या लॅपटॉपची बॅटरी खालचा खटका सरकवून निघते, त्यात बहुधा गोल सेल सापडतात. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये चपटे, चांदीच्या पाकिटासारखे सेल असतात. ते या कामाचे नाहीत. फुगलेले असतील तर हातही लावू नका.

प्लास्टिकचा सांधा बोथट पट्टीने सोडवा. स्क्रूड्रायव्हर आत खुपसला की तो सेलच्या अंगात जाऊ शकतो. आत निकेलच्या पट्ट्या दिसतील. त्या कापताना एका वेळी एकच पट्टी, आणि कापलेल्या टोकावर लगेच टेप. हातात अंगठी, कडं असेल तर काढून ठेवा.

गोल सेलची एक गोष्ट कळली की अर्धे अपघात टळतात. मधलं बटण तेवढंच प्लस. बाकी सगळा पत्र्याचा डबा, अगदी बटणाभोवतीची कडसुद्धा, मायनस असतो. दोघांमध्ये अंतर फक्त मिलिमीटरभर, आणि मायनस झाकलेला असतो तो पातळ प्लास्टिकच्या वेष्टनाने. ते फाटलं असेल तर सेल वापरण्याआधी नवीन श्रिंक वेष्टन (उष्णतेने आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि प्लसच्या टोकावर कागदी इन्सुलेटरची चकती बसवा. दोन्हींना फारसे पैसे लागत नाहीत. पट्टीचे उरलेले कण काढताना कानस त्या मिलिमीटरभर जागेकडे जाऊ देऊ नका.

कोणता ठेवायचा, कोणता फेकायचा

पहिली चाळणी डोळ्यांची आणि नाकाची. पोचा, गंज, ओलसर डाग, किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास: सरळ बाद.

दुसरी मल्टिमीटरची. २.५ व्होल्टच्या खाली असलेला सेल मी ठेवत नाही. हळूहळू चार्ज करून ‘जिवंत’ करण्याचे उपाय पुष्कळ जण सांगतात, आणि सेल जिवंत होतोही. अडचण नंतरची आहे. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये आतल्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळतं आणि परत चार्ज करताना नको तिथे बसतं. त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. तो आज होईल की दोन महिन्यांनी, हे बाहेरून कळत नाही. दहा-वीस रुपयांच्या भंगारासाठी ही जोखीम कशाला?

तिसरी चाळणी चार्जिंगची. एक-एक सेल होल्डरमध्ये ठेवून टीपी४०५६ वर भरा (होल्डर मॉड्यूलला कसा जोडायचा ते पुढे ‘जोडणी’त आहे), फरशीवर, नजरेसमोर. अधूनमधून सेलला हात लावा. कोमट चालेल, गरम लागला तर काढून बाद करा. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण मॉड्यूल स्वतः चांगलंच तापतं. मोबाइलच्या चार्जरकडून येणाऱ्या पाच व्होल्टमधले उरलेले व्होल्ट ते उष्णतेत घालवतं, एका अँपिअरला वॉटभराहून जास्त. म्हणून सेल मॉड्यूलपासून चार बोटं दूर ठेवा, म्हणजे कोण तापलंय ते कळेल. दोन हजार एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) सेलला तीन तासांच्या आसपास लागतात. पाच-सहा तासांनीही लाल दिवा विझत नसेल तर तो सेल आतून गळतोय.

चौथी चाळणी संयमाची. भरलेले सेल वेगवेगळे ठेवून द्या, अंगावर पेनने तारीख आणि व्होल्ट लिहा. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. चांगला सेल ४.१ च्या वर राहतो. चारच्या खाली आलेला काढून टाका. जेल रोडवरून आणलेल्या ढिगातले बरेच ‘चांगले’ सेल इथे गळतात.

क्षमता मोजणारा चार्जर असेल तर उत्तम. नसेल तर मॉड्यूलच्या ‘आउट’ला ३.९ ओहमचा दहा वॉटचा रेझिस्टर लावून घड्याळ बघा. रक्षक आयसी जोड तोडेपर्यंत दोन तास चालला तर सेलमध्ये साधारण १,८०० एमएएच आहेत. तासाभरातच दम तोडला तर तो नको. रेझिस्टर सडकून तापतो, तो टाइलवर ठेवा.

नवा सेल विकत घेणार असाल तर वेष्टनावरचा आकडा वाचा. १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ मिलिमीटर लांबीच्या या सेलमध्ये चांगल्यातल्या चांगल्या कंपनीला साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच भरता येतात. ‘भिया, ओरिजनल हे, ९,९०० का हे’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा. घरी वजनकाटा असेल तर खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीसच ग्रॅमचा असेल तर आत काय भरलंय देव जाणे.

जोडणी

सेल होल्डरमध्ये घालायचा तो सगळ्यात शेवटी. होल्डरची लाल तार फ्यूजमधून ‘बी प्लस’ला, काळी ‘बी मायनस’ला. ‘आउट प्लस’पासून स्विच, स्विचपासून रेझिस्टर, तिथून एलईडीचा प्लस, आणि एलईडीचा मायनस ‘आउट मायनस’ला. फ्यूज होल्डरच्या जितका जवळ तितका बरा. सेलवर थेट सोल्डर मारू नका. ती उष्णता आत प्लस-मायनस वेगळे ठेवणाऱ्या पातळ पडद्यापर्यंत जाते. होल्डर घ्यायचा तो त्यासाठीच.

आता मल्टिमीटरने होल्डरच्या दोन टोकांत शॉर्ट नाही ना बघा आणि मग सेल घाला. स्प्रिंगकडे मायनस. उलटा घातला तर मॉड्यूलमधून धूर निघतो, आणि ते परत चालत नाही. पहिल्यांदा सेल घातल्यावर ‘आउट’ला काहीच व्होल्ट दिसले नाहीत तर घाबरू नका. चार्जर क्षणभर लावला की रक्षक आयसी जागी होते.

एलईडीला भरल्या सेलवर साधारण ०.३ अँपिअर मिळतात. सेल उतरेल तसा उजेड मंदावतो, पण चांगल्या सेलवर रात्र निघते. चार्जिंग चालू असताना दिवा बंद ठेवा, नाहीतर मॉड्यूलला सेल कधी भरला ते नीट समजत नाही.

डब्याचं म्हणाल तर प्लास्टिकचा, बाजूला भोकं पाडलेला. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा दिसायला छान, पण तो वीजवाहक आणि वर हवाबंद.

ठेवणं आणि टाकणं

रात्री झोपताना चार्जिंगला लावायचा नाही. मे महिन्यात इंदूरला दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि असे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. महिनोन् महिने ठेवायचा असेल तर सेल ३.७-३.८ व्होल्टवर, होल्डरमधून बाहेर काढून.

सेलमधून फुसफुस आवाज आला, धूर आला, तर हाताने उचलू नका. धुरात विषारी वायू असतो. खिडक्या उघडून माणसं बाहेर काढा, आणि लांबून जमेल तर भरपूर पाणी ओता. पाण्याने सेल थंड होतो, आणि इथे थंड करणं हेच काम आहे. आग पसरताना दिसली तर १०१.

बाद सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून वेगळ्या पिशवीत ठेवा. इंदूरच्या कचरागाडीला ई-कचऱ्यासाठी वेगळा कप्पा आहे, गाडीवाल्याला सांगून तिथेच द्या. सुक्या कचऱ्यात गेलेला सेल गाडीत दाबला गेला की तिथे आग लागते.

दुसरा सेल

रात्रभराहून जास्त उजेड हवा असेल तर दुसरा सेल समांतर जोडता येतो. पण पहिला दिवा महिनाभर नीट चालल्यावरच. बाजारातला दोन सेलचा तयार होल्डर पुष्कळदा एकामागोमाग जोडलेला असतो. त्यातून ८.४ व्होल्ट येतात आणि मॉड्यूल जळतं. म्हणून दोन एकेरी होल्डर घ्या, लाल लालला, काळी काळीला, आणि प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज. दोन्ही सेल आधी वेगवेगळे पूर्ण भरा. व्होल्टमधला फरक ०.०५ पेक्षा जास्त असेल तर जोडू नका. अर्ध्या व्होल्टचा फरक आणि वाटेत ०.१ ओहमचा अडथळा धरला तर भरलेल्या सेलमधून रिकाम्यात पाच अँपिअर धावतात. एक सेल चुकून उलटा बसला तर त्याहून वाईट, दोन्ही एकमेकांना शॉर्ट करतात. होल्डरवर प्लसच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या आणि दुसरा सेल घालण्याआधी त्याचं टोक मल्टिमीटरने एकदा तपासा.