सैतानी कोळंबी रबर का होते?

कामारोनेस आ ला दियाब्ला, म्हणजे सैतानी कोळंबी. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा हा लालभडक पदार्थ मिरच्यांचं वाटण तयार असेल तर दहा मिनिटांत होतो. बिघडतो त्याहूनही लवकर, आणि बहुतेकदा आपल्या कालवणाच्या सवयीमुळे.

आपण रस्सा उकळला की कोळंबी सोडतो आणि ‘कच्ची राहायला नको’ म्हणून अजून पाच मिनिटं गॅस चालू ठेवतो. मीही पहिल्यांदा तेच केलं. ताटात खोडरबरं आली. इथे कोळंबी आधी एकटीच तापलेल्या तेलात परतायची, मध्यम आकाराची असेल तर एका बाजूला जेमतेम मिनिटभर. अर्धचंद्रासारखी वळली की लगेच ताटलीत काढा. शेपूट डोक्याकडे टेकून गोल कडं झालं असेल तर वेळ टळली. किंचित कमी शिजलेली चालेल, कारण शेवटी ती मिनिटभर रश्शात जाणारच आहे.

तेलात टाकताना चर्र आवाज आलाच नाही आणि पाणी सुटलं? मग एकतर ती ओली होती किंवा कढईत गर्दी झाली. फ्रोजन कोळंबी थंड पाण्यात १५-२० मिनिटं ठेवून मोकळी करा, फडक्याने टिपा आणि अर्धा किलो असेल तर दोन घाण्यांत परता. लिंबू आधी चोळून ठेवू नका. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या आग्वाचिलेमध्ये कच्ची कोळंबी लिंबानेच घट्ट करतात, पण तो पदार्थ वेगळा. इथे लिंबू गॅस बंद केल्यावर.

रस्सा कडू झाला तर दोष मिरच्यांच्या भाजण्याचा. मूळ मिरच्या ग्वाहियो आणि चिले दे आर्बोल. ग्वाहियो न मिळाल्यास ब्याडगी रंगाला चालते (तिचा आंबूस वास मात्र येणार नाही), तिखटाला दोन-तीन लवंगी. बिया काढून तव्यावर दाबून दहा-पंधरा सेकंदच भाजा. काळा डाग पडला की ती मिरची बाजूला टाका. कडवटपणा साखरेने झाकत नाही. गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून टोमॅटो, कांदा, लसणाबरोबर बारीक वाटा आणि गाळा. ग्वाहियोची साल चिवट असते, गाळलं नाही तर दातांत अडकते.

हे वाटण कच्चं वास मारतं, म्हणून तेलात परतायचं, रंग गडद होऊन तेल सुटेपर्यंत. ही पायरी आपल्या हाताला माहीतच आहे. फार तिखट झालं तर आणखी टोमॅटो वाटून घाला आणि उकळा, कोळंबी बाहेर असतानाच. गरम मसाला नको. जिऱ्याने गच्च भरलेला ‘टॅको मसाला’ही नको, तो टेक्सासकडचा.

सोबत टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) मक्याच्या साध्या पिठाच्या करायला गेलात तर तुटतील. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याला निश्तामाल म्हणतात, आणि त्यामुळेच पिठाला चिकटपणा येतो. ते पीठ मासा आरिना नावाने मिळतं. नाही मिळालं तर पांढरा भात लावा. तिकडेही हा पदार्थ भाताबरोबर सर्रास वाढतात.