या चुका टाळा : भूमिगत इंधनटाकी बदलण्यासाठी सरकारी कर्ज किंवा अनुदान मागताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पेट्रोलपंपांखेरीज कितीतरी लहानमोठ्या धंद्यांच्या आवारात डिझेलची टाकी जमिनीखाली असते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, खडी क्रशर, केळीची वाहतूक करणारे ट्रकमालक अशांकडे ती आढळते. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे पाइपांच्या जोडांवर ताण येतो आणि एकेरी पत्र्याची जुनी टाकी गंजण्याबरोबरच जागची हलतेही. पंपचालकांपुढे आणखी एक अडचण उभी राहिली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून टाकीत थोडे पाणी झिरपले तरी इथेनॉल त्या पाण्यासोबत वेगळे होऊन तळाशी बसते आणि ग्राहकाची गाडी रस्त्यात बंद पडते. टाकी बदलण्याची गरज अनेकांना पटलेली असते. अर्ज फसतात ते पैशाची सोय करताना, आणि बहुतेक वेळा बँकेची पायरी चढण्याआधीच फसलेले असतात, कारण ही टाकी नेमकी कोणाच्या मालकीची आणि ती कोणत्या प्रकारच्या धंद्यासाठी आहे, हे दोन प्रश्न कोणी स्वतःला विचारलेले नसतात.

पहिली चूक ‘टाकी योजना’ शोधत बसण्याची आहे. इंटरनेटवर भूमिगत टाक्यांच्या अनुदानाची जी माहिती चटकन सापडते, ती बहुतेक अमेरिकेतील असते. कॅलिफोर्निया राज्याने ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत एकेरी भिंतीच्या सर्व भूमिगत टाक्या कायमच्या बंद करण्याचे कायद्याने बंधनकारक केले आणि लहान व्यावसायिकांना तो खर्च पेलावा म्हणून तेथील जलसंसाधन मंडळामार्फत कर्ज आणि अनुदान देऊ केले. तेथे सक्ती आणि मदत एकाच धोरणाचे दोन भाग आहेत. आपल्याकडे हा खर्च सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सर्वसाधारण कर्जयोजनांतूनच बसवावा लागतो. ‘टाकीसाठी सरकार निम्मे पैसे देते’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाकडे योजनेचा शासन निर्णय किंवा मार्गदर्शक सूचना मागाव्यात. कागद मिळाला नाही, तर तेथेच थांबावे.

दुसरी चूक मालकीची आहे आणि ती पंपचालकांकडून अधिक होते. सार्वजनिक क्षेत्रातील तेलकंपन्यांच्या बहुतेक पंपांवर भूमिगत टाक्या आणि वितरणयंत्रे कंपनीच्या मालकीची असतात, तर डीलर त्यांच्या वापरापोटी लायसन्स फी भरत असतो. जी वस्तू आपली नाही ती बँकेकडे तारण ठेवता येत नाही आणि तिच्यासाठी मुदत कर्जही मागता येत नाही. अशा ठिकाणी टाकीत पाणी आढळल्याच्या नोंदी, डिपच्या (टाकीत मोजपट्टी बुडवून घेतलेल्या साठ्याच्या मोजमापाच्या) वहीतील तफावत आणि दाबचाचणीचा अहवाल जोडून कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करणे हाच योग्य मार्ग आहे. केवळ फोनवर तक्रार करून वाट पाहणाऱ्याच्या हाती पुढे काहीच पुरावा राहत नाही. ज्याच्या डीलरशिप करारानुसार टाकी डीलरने स्वतः बसवलेली आहे, किंवा ज्याचा स्वतःच्या वाहनांपुरता कन्झ्युमर पंप आहे, त्याने मात्र कर्जाचा विचार जरूर करावा.

तिसरी चूक सर्वात महागात पडते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाराला जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी, मिळते, परंतु तिचा लाभ प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना प्राधान्याने द्यायच्या कर्जापुरताच, मर्यादित ठेवलेला आहे. पेट्रोलपंप हा किरकोळ व्यापार आहे. त्यामुळे उद्यम प्रमाणपत्र हातात आले म्हणजे उत्पादक उद्योगांना मिळणारी अनुदानेही मिळतील, ही समजूत चुकीची आहे. त्यातच उलाढालीचा पेच आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी उलाढालीची मर्यादा १० कोटी रुपये आणि लघु उद्योगासाठी १०० कोटी रुपये आहे. महिन्याला १५० किलोलिटर डिझेल विकणारा पंप धरला आणि दर ९० रुपये मानला, तर वर्षाची उलाढाल सोळा कोटींच्या पुढे जाते. डीलरच्या पदरात लिटरमागे काही रुपयेच कमिशन पडते, पण वर्गवारी ठरते ती उलाढालीवर. म्हणून असा पंप कागदोपत्री ‘लघु’ ठरतो आणि सूक्ष्म उद्योगांसाठी असलेली मुद्रा योजना त्याच्या कामी येत नाही. ही वर्गवारी पंपधंद्यावर अन्याय करणारी आहे, असे माझे मत आहे, परंतु अर्ज मात्र आजच्या नियमांप्रमाणेच लिहावा लागेल. याउलट जिनिंग कारखाना उत्पादनात मोडतो. त्याच्या जनरेटरची आणि वाहनांची डिझेल टाकी कारखान्याच्या आधुनिकीकरण प्रकल्पाचा एक भाग म्हणून दाखवावी. ‘डिझेल साठवण’ असा स्वतंत्र धंदा दाखवला, की तोच अर्ज कमकुवत होतो.

जुन्या योजनांच्या भरवशावर राहणे हीदेखील नेहमीची चूक आहे. यंत्रसामग्री सुधारण्यासाठी १५ टक्के भांडवली अनुदान देणारी केंद्राची योजना मार्च २०२० मध्ये संपली, तरी तिची माहितीपत्रके अजून फिरतात. अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांसाठीची २५ टक्के अनुदानाची विशेष योजना वेगळी असून तिची कमाल मर्यादा २५ लाख रुपये आहे. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात तिची चौकशी अवश्य करावी, पण ती उत्पादन आणि सेवा उद्योगांसाठी आहे हे विसरू नये. स्टँड-अप इंडिया योजना नव्याने उभारल्या जाणाऱ्या उद्योगासाठी आखलेली होती, चालू धंद्याची टाकी बदलण्यासाठी नव्हे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात चालू उद्योगाच्या विस्तारासाठी दुसरे कर्ज मिळण्याची तरतूद आहे. मात्र पहिले कर्ज त्याच कार्यक्रमातील किंवा मुद्रा योजनेतील असावे आणि ते वेळेत फेडलेले असावे. या कार्यक्रमाला मंजुरी २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी होती, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात सद्यःस्थिती विचारून घ्यावी. शिवाय त्यातील अनुदान हाती रोख पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे अडकून राहते आणि नंतर कर्जात वळते होते, त्यामुळे कंत्राटदाराला त्या रकमेचा वायदा करू नये.

विनातारण कर्जासाठीची हमी योजना व्यापारालाही लागू आहे आणि पंपचालकासाठी तीच अधिक उपयोगी ठरते. मात्र ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकले तर बँक वसुली करतेच, आणि हमीचे वार्षिक शुल्कही सामान्यतः कर्जदारालाच सोसावे लागते.

आता कामाच्या क्रमाकडे वळू. मंजुरीपूर्वी टाकी विकत घेऊन नंतर पावती बँकेत नेणाऱ्यांचा खर्च अनुदानाच्या योजनांत धरला जात नाही. दुसरीकडे, पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची, पूर्वपरवानगी न घेता परवानाधारक जागेतील टाकी बदलणे हा नियमभंग आहे. आधी नकाशाला पेसोची मान्यता, मग कर्जमंजुरी, मग खरेदी, असा क्रम ठेवावा. आपल्या भागात ऋतूचे गणितही सांभाळावे लागते. जिनिंगचा हंगाम दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत चालतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत खोल खड्डा टिकत नाही, शिवाय रिकामी टाकी खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर तरंगून वर येते. खोदाईसाठी एप्रिल आणि मे हे दोनच महिने उरतात. म्हणून कागदपत्रांची सुरुवात हिवाळ्यातच करावी.

परवान्याबाबत एक गैरसमज इतका रूढ आहे, की तो वेगळा सांगितलाच पाहिजे. डिझेल २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना साठवता येते, हे अर्धेच सत्य आहे, कारण त्या सवलतीत कोणतेही एक पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. दोन हजार लिटरची एकच टाकी पुरणाऱ्याला परवाना लागतो, आणि परवान्याविना असलेल्या टाकीच्या सुधारणेसाठी बँक कर्ज देणार नाही.

अंदाजपत्रकात दोन बाबी हमखास सुटतात. टाकीवरील १८ टक्के जीएसटी हा पंपचालकासाठी निव्वळ खर्च आहे, कारण पेट्रोल आणि डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्या विक्रीच्या प्रमाणात कराचा परतावा मिळत नाही. वंगणतेलाच्या विक्रीपुरता थोडा वाटा मिळू शकतो, तो लेखापालाकडून काढून घ्यावा. दुसरी बाब जुन्या टाकीची आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात इंधनाची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार झालेले असते. भंगारवाल्याला बोलावून गॅसकटरने टाकी कापायला लावणे म्हणजे माणसाला मृत्यूच्या तोंडी देणे होय. टाकी वायुमुक्त असल्याचे सक्षम व्यक्तीचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिच्यात कोणी उतरू नये आणि तिच्याजवळ ज्वाला नेऊ नये. तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्यामुळे तो अधिकृत विल्हेवाट करणाऱ्याकडेच द्यावा लागतो. हा सर्व खर्च दरपत्रकात टाकी, पाइप, बांधकाम आणि चाचणी यांच्यासोबत स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा. एकठोक दरपत्रकातून कोणता खर्च कर्जाला पात्र आहे हे बँकेला ठरवता येत नाही, आणि मग ती सगळाच कमी धरते.

अर्ज नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. ती हाती आल्यावर प्रथम नावे जुळवून पाहावीत. पेसोचा परवाना वडिलांच्या नावे, सातबारा भावांच्या समाईक नावे आणि उद्यम नोंदणी मुलाच्या नावे, असे चित्र खानदेशातील एकत्र कुटुंबांत वारंवार दिसते आणि बँकेचा पहिला आक्षेप तेथेच येतो. परवान्याची मुदतही तपासावी. ती कोणत्याही वर्षी ३१ डिसेंबरलाच संपते, आणि कर्जाची मुदत त्यापलीकडे जात असेल तर बँक नूतनीकरणाचा प्रश्न काढते. अशा वेळी नूतनीकरणाचा अर्ज आणि भरलेल्या शुल्काची पावती जोडून फेरअर्ज करावा.