नवीन पॅड टाकूनही ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत होतं: माझा अनुभव

लक्षण: ताशी ८० च्या वर हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पेडल पायाखाली धडधडायचं. ब्रेक न लावता गाडी एकदम गुळगुळीत.

व्हील बॅलन्सिंग, नवे पॅड, मग डिस्क (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला पकडतात ती चकती) लेथवर घासणं: फरक तात्पुरता. वैताग आला होता.

शेवटी हे लागू पडलं. आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी पाहिली; घासल्यावर माझी तिच्याखाली गेली होती, म्हणजे बाद. नवीन डिस्क आणि पॅड चेसिस नंबरवरूनच जुळवले, कारण एकाच मॉडेलला दोन व्यासांच्या डिस्क असू शकतात. डिस्क नेहमी जोडीनेच बदला.

खरी गोम हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) होती. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावर गंजाची पापडी दिसली, म्हणजे डिस्क सपाट बसतच नव्हती. ती वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत काढली. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं (हे बरेच जण विसरतात), डिस्क नटांनी आवळून डायल गेजने (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) डगमग, म्हणजे फिरताना डिस्क किती आत-बाहेर हलते ते, मोजलं. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, साधारण ०.०५ ते ०.१० मिमी. स्लाइड पिना (पॅड दाबणारा भाग ज्यांवर सरकतो त्या) साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना).

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबलं. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा; नंतर ब्रेक न लावता थंड होऊ दिलं. थरथर गेली.