माध्यमिक शाळेत विषय शिक्षक होण्यासाठी

महाराष्ट्रात नववी-दहावीला शिकवायचे तर संबंधित विषयातील पदवी आणि बी.एड. ही दोन्ही लागतात. खुल्या गटाला पदवीत किमान ५० टक्के हवेत. बी.एड.चा प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या परीक्षेतून होतो आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. कॉलेज निवडताना एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आधी तपासा, फीचे नंतर बघू. बारावीनंतर थेट जायचे असेल तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. मात्र त्याची प्रवेश परीक्षा वेगळी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो विषयांचा. बी.एड.ची अध्यापन पद्धती, म्हणजे जो विषय शिकवायला तुम्ही तिथे शिकता तो, पदवीच्या विषयाशी जुळलीच पाहिजे. पदवीला इतिहास आणि पद्धती इंग्रजीची, अशी जोडी पुढे कागदपत्र पडताळणीत अडकते. वाणिज्य पदवीधरांनी तर आधीच नीट विचार करावा, कारण शाळेत त्यांच्या विषयाच्या जागा फारशा नसतात. त्यांना कनिष्ठ महाविद्यालय बरे, पण तिथे पदव्युत्तर पदवी लागते.

पुढे टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटे. म्हणजे वेगाचाच खेळ. नाव सारखे ऐकू येत असले तरी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) ही निराळी परीक्षा, पहिली ते आठवीसाठी. टेटच्या गुणांवर शासनाच्या ‘पवित्र’ पोर्टलवर भरती होते. तिथे स्वप्रमाणपत्र (आपली माहिती आपणच भरून प्रमाणित करणे) पूर्ण करून प्राधान्यक्रम लॉक करायला विसरलात, तर चांगले गुणही वाया जातात.

निवड झाली की सुरुवातीची तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून, मानधनावर.